नमुना पुन्हा पाठवावा

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
रात्रपाळीला उजेडाचं काही अप्रूप नाही.
भिंतीतल्या नळीतून हवेच्या झोताने
डबा येतो, धप्पकन टोपलीत पडतो.
आत पोरांची नाकं.
म्हणजे नाकातलं, बारक्या काडीवर,
गुलाबी पाण्यात बुडवलेलं.

वय वर्षे तीन. वय महिने सात.
वय दिवस एकेचाळीस.
दिवसांत लिहिलेलं वय वाचलं की
हातमोज्यातला हात जरा हळू होतो, बस्स.
बाकी मी कुणाला ओळखत नाही.
आमच्याकडे वात्रट पोराला नमुना म्हणायचे,
इथे सगळीच नमुने,
बारकोड लावून रांगेत उभी, शहाण्यासारखी.

मशीन त्यांना चाळीस फेऱ्या घालायला लावतं,
तापव, निवव, तापव, निवव.
पडद्यावर रेघ आडवी पडलेली असते
झोपलेल्या कुत्र्यासारखी,
आणि मग विसाव्या-बाविसाव्या फेरीला मान उचलते.
उचलली की समजायचं: आहे.
खोकला मात्र या खोलीत येत नाही.
अकरा वर्षं खोकल्याच्या हापिसात नोकरी,
आणि एकदाही ऐकलेला नाही.

काल पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
एका बाटलीचं झाकण तिरकं निघालं,
सगळं पिशवीत सांडलेलं.
नियम साधा आहे. नमुना नाकारावा, वॉर्डाला कळवावे.
फोनवर मॉर्वेन नावाची नर्स.
"आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा," ती म्हणाली,
"पुन्हा नाकात काडी घालू?"
मी म्हटलं, हो. सॉरी म्हटलं.
सॉरी इंग्रजीत पटकन म्हणता येतं.
आणि तेवढ्यात मागे ती उठली.

एक खोकला नव्हे, खोकल्यांची रांगच,
मध्ये श्वासाला फट नाही,
पितळी घागर जिन्यावरून गडगडत यावी तशी
आणि मग
काहीच नाही.
मॉर्वेनने फोन कुठेतरी ठेवला.
मी मोजायला लागले. चार. पाच.
सहा.
मग हवा आत ओढणारी ती लांब शिट्टी.

तो आवाज मला पाठ होता.
मिरजेत, दवाखान्याच्या क्वार्टर्समध्ये
पलीकडच्या खोलीत पेंढारकरांचा सुधन्वा
अख्खा हिवाळा असा खोकत होता.
भिंत एका विटेची. मी आठ वर्षांची,
अंथरुणात पडून मोजायची,
त्याचा श्वास परत येईपर्यंत
आपला धरून ठेवायची.
आई अंधारातूनच म्हणायची, डांग्या आहे गं. झोप.
(सुधन्वा वाचला. आता चांगला जाडजूड आहे.
सांगलीला टायरचं दुकान टाकलंय.)

"आहेस ना अजून?" मॉर्वेनचा आवाज.
होते मी.
सांगणार होते की काय आहे ते मला कळलंय,
पण आमच्या फॉर्मवर 'ऐकलं' असा रकाना नाही.
नसावाच.
फोनवरून रोग ठरवणारी बाई
मीही कामावर ठेवली नसती.
एवढंच विचारलं, हा आवाज डॉक्टरांनी ऐकलाय का?
"ऐकलाय," ती म्हणाली. "म्हणून तर तुझ्याकडे पाठवलं."

पावणेचारला डबा आला.
झाकण इतकं घट्ट
की उघडताना माझं मनगट दुखलं.
सगळ्यांच्या आधी तो लावला.
एरवी मी पडद्यासमोर बसत नाही,
चहा घेते, ग्रेगरशी पार्किंगच्या दंडाबद्दल बोलते.
काल बसले.
चौदा. पंधरा.
रेघ अजून आडवीच.
सोळाव्या फेरीला लक्षात आलं,
मी श्वास धरलाय.