आधी हवा

रात्री अडीचला सर्व्हर उठला आणि पडला.
पुन्हा उठला, पुन्हा पडला.
विक्रोळीच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर,
एसी बंद, ग्लॅन्विलची पावभाजी गारढोण,
पडद्यावर एकच ओळ, खाली खाली सरकत:
जे मागितलंत ते अजून जन्मलेलं नाही.

बिलांचं मॉड्यूल डोळे उघडतं न उघडतं
तोच डेटाबेसकडे हात पसरतं.
डेटाबेस म्हणतो, पासवर्ड सेटिंग्जकडे.
सेटिंग्ज म्हणतात, चुकलं तर नोंदायला लॉग हवा.
लॉग सेटिंग्जना विचारतो, नोंदू कुठे?
सगळे उंबऱ्यावर,
आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही.

"कुणी लिहिलंय हे?" ग्लॅन्विल विचारतो.
मी इतिहास उघडते.
चार वर्षांपूर्वीचा मार्च. माझंच नाव.

तेव्हा चालत होतं.
फायली वाचल्या जायच्या नावांच्या क्रमाने
आणि नावं नेमकी बरी पडली होती.
काल कुणीतरी एक नाव सुधारलं.
म्हणजे चार वर्षं आम्ही
आद्याक्षरांच्या पुण्याईवर जगलो.

आप्पा महापालिकेत चावीवाले होते.
पहाटे चारला, खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन
असल्फ्याच्या चढावर.
एकदा मी मागे लागून गेले, आठ वर्षांची.
म्हटलं, उघडा ना एकदम.
"एकदम उघडलं तर पाइप फुटतो, बाय.
रात्रभर रिकामा होता तो, आत हवा आहे.
आधी हवा जाऊ दे.
मग टेकडी. मग खालची गल्ली.
खालच्यांना आधी दिलंस तर वर काय चढेल?"
आणि मोजत राहिले, ओठांतल्या ओठांत,
साडेसतरा आटे.

हे साडेसतरा कुठेच लिहिलेलं नव्हतं.
ते निवृत्त झाले, आणि पुढचे सहा महिने
नवा चावीवाला, मोरेश्वर, रोज पहाटे फोन करायचा.
आप्पा अंथरुणातूनच आटे सांगायचे.
आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

मी एकेक फाइल उघडते.
वरच्यावर पडलेलं काम उचलते:
जोडण्या, वाचणं, दार ठोठावणं.
जागं होताना कुणी काही करायचं नाही,
फक्त सांगायचं, मी अमुक, मला तमुक लागेल.
मग एक नवी फाइल. नाव: सुरुवात.
सेटिंग्ज वाच.
लॉग उघड.
डेटाबेस जोड; नाही जुळला तर तिथेच थांब,
कोण अडलं ते नाव घेऊन सांग.
बिलं.
आणि अगदी शेवटी बाहेरच्या माणसांना दार.
अकरा ओळी. ग्लॅन्विल म्हणतो, एवढंच?

चार दहाला सर्व्हर उठला. उभा राहिला.

फाइलच्या माथ्यावर मी लिहिलं:
हा क्रम बदलू नये, बदलायचा तर आधी विचारावं.
"कुणाला?" ग्लॅन्विल बॅग भरता भरता म्हणाला.
मी ओळ पुसली.
त्या जागी प्रत्येक ओळीशेजारी
का ते लिहीत बसले.

तोंड धुवायला बेसिनचा नळ सोडला.
तो खोकला दोनदा, थुंकला,
आणि मी, उगाचच, थांबले.