बाटली क्रमांक सतरा

केवोच्या प्रयोगशाळेत रात्रीचे अकरा,
आणि खिडकीत ऊन.
सिर्का बाटली उपडी करते पांढऱ्या ताटलीत:
जुलैचा एक आठवडा, स्पिरिटात भिजलेला.

चिमट्याने निवडत बसते,
लहानपणी आईशेजारी रानातल्या बेरी निवडायची तशी.
माश्या इकडे, गांधीलमाश्या तिकडे.
डास नंतर.
ते मोजायला जन्म पुरायचा नाही.

एकीला पाय चारच.
उरलेले दोन गाळात शोधते, सापडतो एक.
भिंगाखाली पंखातली शीर वळते
कुठल्याच पुस्तकात नाही तशी.

चिठ्ठीवर पेन्सिलीने:
माशी, अनोळखी, नववी.

तिच्या भाषेत सिर्का म्हणजे रातकिडा.
"इतक्या उत्तरेला तो नसतोच,"
ती म्हणते,
आणि बूच घट्ट दाबते.