काढणे

कॉलेजच्या तळघरात, जिथे मोबाईलला रेंज नाही
आणि पंखा दोनवरच फिरतो,
मी दिवसाला नव्वद पानं स्कॅन करते.
हातमोजे पांढरे, सुती. दुपारपर्यंत बोटं चहाच्या रंगाची.

आधी शरीरशास्त्र झालं.
कातडी उतरवलेला एक माणूस, हात उंच,
पाय जरा तिरका, जणू डेक्कनला रिक्षा थांबवतोय.
पोटाची झाकणं कागदी, एकाखाली एक उघडायची:
आतडी, जठर, आणि यकृताखाली
पीएमटीचं तिकीट, पंधरा पैशांचं.
बरगड्यांशेजारी पेन्सिलीनं कुणीतरी, "हमखास येणार."
मी तेही स्कॅन केलं.
ढमढेरे सर म्हणाले, तिकीट कशाला?
म्हटलं, सर, आत होतं.

मग प्राणी.
खवल्या मांजर काढणाऱ्यानं मेल्यावरच पाहिलं असावं,
डोळ्यांत कापूस आहे.
घोरपड मात्र जिवंत. ती पान उलटेपर्यंत
माझ्याकडे बघत होती.

आणि परवा, हातानं रंगवलेल्या चौथ्या खंडात, रुई.

तीच, टेकडीच्या वाटेवरची,
शनिवारी जिलब्या मारुतीच्या गळ्यात असते ती.
जांभळट फुलं, मधे मुकुट,
तोडल्या देठाशी चिकाचा एक थेंब,
इतका ओला की मी हात मागे घेतला.
खाली लॅटिन नाव, साल, साहेबाची सही.
काढणाऱ्याचं नाव नाही.
फक्त डाव्या कोपऱ्यात, मुंग्या रांगेनं जाव्यात तशी
मोडीची दीड ओळ.

केदारी शिपाई म्हणाले, आमच्या कसब्यात गुंजाळ आहेत,
भूमी अभिलेखात होते,
सातबाराच्या आधीचं सगळं वाचतात.
गेले फोटो घेऊन.
गुंजाळांनी विचारलं, जमीन कुठली?
म्हटलं, जमीन नाही, पान आहे.
ते जरा हिरमुसले. मग भिंग लावून, सावकाश,
हद्दीचा वाद वाचावा तसं:

पान तिसरे दिवशी सुकले. दुसरे आणिले.
त्यास कीड. साहेब बोलले कीड काढू नये.
काढली.

एवढंच?
एवढंच.
पण म्हणजे चितारली, की उचलून फेकली?
भिंग पुसत गुंजाळ म्हणाले,
बाई, लिपी मोडी आहे, भाषा मराठी.
काढली म्हणजे काढली.

तळघरात परत. पंखा दोनवर.
पान पडद्यावर मोठं केलं, दुप्पट, आठपट,
कागदाचे तंतू दोरखंडाएवढे होईपर्यंत.
उजव्या कडेला दोन भोकं.
एकाच्या काठाला तपकिरी रेघ,
कुंचल्याच्या एकाच केसाची, श्वास रोखून ओढलेली.
दुसऱ्याचा काठ कोरा, त्यातून मागची कण्हेर दिसते.
मधे शंभरएक वर्षं सोडून
दोन किडे एकाच पानावर जेवून गेले.

आणि पहिल्या भोकात, अगदी तळाशी,
एक काळी रेघ, एक पिवळी, पुन्हा काळी.
किंवा रंग उतरला असेल.
किंवा साहेब जेवायला गेला होता
आणि ती पानाच्या मागून डोकावली,
आणि समोर बसलेल्या माणसाला
दिसलेलं न दिसल्यासारखं करणं जमेना.

संगणक विचारतो:
दोन डाग सापडले. काढू?

त्या दिवशी पानं एकोणनव्वदच झाली.
वहीत, शेऱ्याच्या रकान्यात, मी लिहिलं:
रुई. भोकं दोन.
एक काढलेलं.