पवननगर

निफाडला पारा पाचावर, पेपरात फोटो:
द्राक्षबागेत शेकोट्या पेटलेल्या.
आमच्याकडे हीटर, दोन कांड्यांचा,
त्यातली एक गेलेली.
मीटरचा लाल दिवा डोळे मिचकावतो,
उधारीवाला दारात उभा असावा तसा.
शैलजा म्हणते, "तुम्ही घर नाही,
अख्खं सिडको तापवताय."

सातपूरला सत्तावीस वर्षं मी
मोटारींच्या दारांना रबर बसवलं.
वरून पाणी मारून बघायचो,
एक थेंब आत आला की माल परत.
घरी मात्र चौकटीच्या फटीत खोचलेली
पेपराची घडी रात्रभर फडफडायची,
आणि पत्ता विचारणारा हसायचा:
पवननगर? मग वारा असणारच.

रविवारी पंखा बंद केला.
उदबत्ती लावली, देवाला नाही, फटीला.
शैलजा पुढे, मी मागे खडू घेऊन.
धूर सरळ, सरळ, सरळ,
मग एकदम मान वाकडी.
"इथे." खूण.
खिडक्यांत सात, दारात चार.
बारावी ओट्यामागे,
सामाईक भिंतीला, जिथून कधीकाळी
केबलची वायर आली होती.
तिथे धूर उलटाच, आपणहून पलीकडे गेला.
भिंतीतून भामरे वहिनींचा आवाज:
"काय हो, पूजा आहे का आज?"

अकरा जागी रबर चिकटवलं.
उरलं चार मीटर, ते घेऊन पलीकडे गेलो.
त्यांच्या खिडकीत जुन्या परकराच्या चिंध्या,
आणि हीटर कसला,
दोन गोधड्या न् एक माकडटोपी.
दार लोटून पाहिलं: खट्.
मोटारीसारखं.
वहिनींनी चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं.
पैसे विचारले. मग चहाच ठेवला.

रात्री वारा आला, खिडकी चाचपून
पुढच्या गल्लीत गेला.
घर इतकं गप्प की
त्या भोकातून पहिल्यांदाच ऐकू आलं:
वहिनी झोपेत बोलतात.
कुणाला तरी सांगत होत्या,
मफलर गुंडाळा, पहिली पाळी आहे,
स्टँडपर्यंत बोचतं.
भामरे गेले त्याला नऊ वर्षं झाली.

शैलजा उठली, हीटर बंद केला.
मला वाटलं, बिलासाठी.
पण ती तशीच उभी राहिली अंधारात,
कान भिंतीकडे,
शाल खांद्यावरून घसरलेली.

लांबी होती तशीच आहे डब्यात.
खडूची बारावी खूण
रोज फोडणीच्या वाफेने
थोडी थोडी पुसते आहे.