दोन मिलिमीटर

साकीनाक्याचा गाळा, पहिला मजला.
वर पापडाचा कारखाना, खाली पॉवरप्रेस.
दर चार सेकंदांनी टेबल उडी मारतं,
तेवढ्यापुरती प्रमिला सोल्डरची कांडी उचलून धरते.

अठरा महिने एकच डबी.
पहिली एवढी झाली की प्रमिला म्हणाली,
यात गाण्यांबरोबर भाजीही मावेल.
मधली एक तापायची. खिशात घालून फिरलो
तर मांडीवर चौकोन उमटला, अजून आहे.
लॅमिंग्टन रोडवरून नवी म्हणून आणलेली चिप
जुन्या पाटीवरून उपटलेली निघाली, त्यात पावसाळा गेला.
शेवटी काडेपेटीएवढी. एकच बटण.
दफ्तरीशेठ म्हणाले, आता साचा टाका.

फक्त खरखर होती,
शेजारच्या घरात कुणी रवा चाळावा तशी.
कॉइल अ‍ॅम्प्लिफायरला चिकटून बसलेली,
तिला सरकायला जागा नव्हती.
म्हणून मी सॉफ्टवेअरमध्ये दार बसवलं:
आवाज फार खाली गेला की बंद.
खरखर गेली. पेढे आले.

मग कलिन्याहून इनासकाका आले.
चाळीस वर्षं लग्नात नि मयतीत ट्रम्पेट,
आता दात नाहीत, कान आहेत.
त्यांच्याच बँडची कॅसेट चाचणीला भरली होती.
ऐकलं. परत लाव म्हणाले.
तिसऱ्यांदा मध्येच हात वर केला:
"इथं पास्कू श्वास घ्यायचा.
वर चढायच्या आधी, नाकातून, शिट्टीसारखा.
आम्ही सगळे त्यावर उचलायचो.
कुठं घालवलास?"

मी आलेख दाखवला. डेसिबल सांगितले.
ते म्हणाले, पास्कूला जाऊन अकरा वर्षं झाली,
आणि डबी टेबलावर पालथी ठेवली.

त्या रात्री दार काढलं.
खालचा प्रेस थांबल्यावर, हात हलू नये म्हणून,
प्रमिलाने भिंगाखाली तांब्याच्या तीन वाटा वळवल्या,
कॉइल कडेला नेली.
डबी दोन मिलिमीटर वाढली.

दफ्तरीशेठनी कॅलिपर लावला.
साचा पुन्हा कापायचा म्हणजे लाखभर गेले,
हे काय आहे मध्ये?
नकाशात त्या जागेवर मी 'कॉइल क्लिअरन्स' लिहिलं,
तसंच लिहितात.
खाली पेन्सिलीने, बारीक, प्रमिलाच्या अक्षरात: पास्कू.

खरखर थोडी राहिलीच आहे.
रात्री, प्रेस बंद असताना, ऐकू येते.