पाटे

एलॉय आर्चुलेटा ट्रकखाली उताणा,
त्याचे फक्त बूट माझ्याशी बोलतात:
"पाटे बसलेत. पार झोपलेत.
आधी सांग, ही जास्त कुठे धावते,
डांबरावर की मातीत?"

फार्मिंग्टनमधून निघायचं,
सत्तर मैल गुळगुळीत हायवे,
मग गुरं अडवायची लोखंडी जाळी,
खुणेला टाकलेला एक गंजका फ्रीज,
आणि तिथून अकरा मैल
शेवयांच्या पाटासारखी रेघारेघांची वाट,
जिच्यावर डायलिसिसची खोकी, थर्मास आणि माझी कवळी
एका तालात वाजतात.

दोन्हीकडे, मी म्हणते.

बूट हसतात.
"दोन्हीकडे म्हणजे दोन्हीकडे थोडं कमी."
आमच्यात याला दोन डगरींवर पाय म्हणतात,
मी त्याला समजावून सांगते.
तो विचारतो, नदी कुठली?

दोनच इंच उचलू, तो म्हणाला,
चार इंच उचलणारे मॉलच्या पार्किंगमध्ये शोभतात.
जुन्या पाट्यांत एक जाड पाटा वाढवला,
शॉक बदलले, पोटाखाली पत्रा ठोकला,
टायर एकतीस इंची, दात असलेले.
बिल बघून मी खुर्ची ओढून बसले.

आता वळणावर ट्रक जरा झुलतो.
गॅलनला तीन मैल कमी देतो.
चढताना बावन्न वर्षांचा गुडघा आधी परवानगी मागतो.
आणि टायर मोठे झाले तसा काटा खोटारडा झालाय:
साठ दाखवतो, आम्ही असतो चौसष्टवर.
हॉस्पिटल मैलामागे पैसे देतं,
म्हणजे महिन्याला शंभरेक मैल
मी फुकट हाकते.

जाळीपाशी थांबून चारही चाकांतली हवा सोडायची,
पस्तिसावरून अठरावर.
डोक्यात हवा गेलेले पुष्कळ बघितले आयुष्यात,
डॉक्टर तर विशेष.
पण हवा काढल्यावर माणूस जमिनीला असा बिलगलेला
एकही नाही पाहिला.
टायर बिलगतो. वाळूत पसरतो,
रुतत नाही.

पहिल्या दिवशी त्या ओल्या चढावर,
जिथे मागच्या मार्चमध्ये तीन तास अडकले होते,
ती न थांबता वर गेली.
मी एकटीच, काचा बंद,
"शाब्बास गं!" असं ओरडले, मराठीत.

पण क्लाइड टोलेडोने दार उघडलं नाही.

साखरेने त्याचे डोळे नेले त्याला दोन वर्षं झाली.
तेलाच्या विहिरींवर तीस वर्षं पाण्याचा टँकर चालवलेला माणूस,
मला ओळखायचा तो खिळखिळ्या आवाजावरून.
खडखड आली की कॉफी ठेवायचा.
आज कुणी परकाच आला होता,
जड चाकांचा, गुपचूप.
कुत्रीसुद्धा अनोळख्यासारखी भुंकली.

मी हाक मारली. मग दार.
मग न विचारता तो ट्रकच्या मागे जाऊन वाकला,
पाट्यांवरून बोटं फिरवली,
एक, दोन, तीन, चार,
"हा नवा. जाड आहे.
येताना खोकी असतात, तेव्हा ठीक.
जाताना रिकामी असशील, तेव्हा हाडं मोजून घेईल तुझी."

पिशव्या लावून झाल्या, रक्तदाब लिहून झाला,
तोवर त्याच्या नातवाने
मागे वाळूची दोन पोती टाकली होती,
अंगणातल्याच वाळूची.
क्लाइड म्हणाला, चाकांच्या वरच ठेव रे, टोकाला नको.

खरंच, परतताना ती कमी उडाली.
जाळीपाशी कंप्रेसर लावला,
एकेका चाकाला चार-चार मिनिटं,
तोवर थर्मासमधला चहा,
समोर लाल कडा काळा पडत चाललेला.
मग डांबर. काट्यावर साठ.

ती पोती अजून मागेच आहेत.
एलॉय म्हणतो, उगाच तेल खातात, काढून टाक.
काढीन म्हणते.