भोक भरताना

शारजात ऑगस्ट. खाडीचं पाणी शिशासारखं,
गलबतांवर कांद्याची पोती चढतायत.
आत तिसऱ्या मजल्यावर मात्र कायमचा मार्गशीर्ष:
एकोणीस अंश, ओलावा पन्नास टक्के,
आणि स्वेटर घालून मी
एका भांडकुदळ पोथीपुढे.

सुवार्ता नव्हे ही. चित्रं नाहीत, सोनं नाही,
म्हणून तर माझ्या टेबलावर आली.
सोन्याच्या पोथ्या वरिष्ठ घेतात.
ही नुसती वादाची: ख्रिस्ताचे स्वभाव दोन की एक,
पेल्यातल्या द्राक्षारसात पाणी घालावं
की निखळ ठेवावा.
आर्मेनियन म्हणाले निखळ,
आणि त्या एका थेंबापायी
शेजाऱ्यांशी शतकांचा अबोला.
मला हसू येत नाही.
गव्हाच्या खळीत पाणी किती, यावरून
बाबांशी सहा महिने बोलले नव्हते मी.
मिरजेत ते खतावण्या बांधत.

गुरुवारी होव्हनान चिलिंगिरयान येतात,
बैरुतचे घड्याळजी, वय एकोणऐंशी.
डोळ्यात दुरुस्तीचं भिंग अडकवून
मला वाचून दाखवतात. पानाला बोट लावत नाहीत.
मथळे लाल. ‘अळीचा लाल,’ ते सांगतात,
‘आरारातखाली गवताच्या मुळाशी राहते,
पहाटे वर येते, तेव्हाच वेचायची.’
आमच्यात याला किरमिजी म्हणतात, मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणता पहिल्यांदा ऐकू आला
त्या शब्दाच्या पोटात वळवळणारा कृमी.
आईच्या शालूचा रंग होता तो.

शेवटच्या पानावर नकलनवीस स्वतः बोलतो.
नाव मानवेल. साल हजार चोपन्न, त्यांच्या गणनेचं,
तेही आकड्यांत नाही, अक्षरांत.
‘शाई गोठते. बोटांवर फुंकर घालून एकेक ओळ लिहितो.
हा कागद ज्यानं घोटला तो माझा भाऊ
अरस ओलांडताना वाहून गेला. कागद राहिला.
चूक दिसली तर शिव्या देऊ नका.
वाचाल तेव्हा एकदा माझं नाव घ्या.’
त्याखाली दुसरा हात, ओबडधोबड:
‘ही पोथी कैदेत पडली होती. मी, विधवा शुशान,
तांब्याची कढई आणि दोन शेळ्या देऊन सोडवली.’
सोडवली.
माणसांसाठी वापरतात तेच क्रियापद, होव्हनान म्हणाले.
माझा पासपोर्ट तळमजल्यावर, कंपनीच्या तिजोरीत.
मी नोंद केली: हस्ताक्षर भिन्न, शाई लोहयुक्त.

मग पान सदतीस.
इथे दुसरीच अळी, रंग न देणारी,
आरपार गेलेली,
नेमकी वादाच्या मध्यावर.
काय होतं इथे?
त्यांनी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं.
‘मी.’
तुम्ही?
‘मी. आमच्यात मी म्हणजे एक.
एक स्वभाव. ज्याच्यासाठी हे सगळं.’

हसलो दोघं. मग हसू आपोआप थांबलं.
ज्वारीच्या दाण्याएवढं भोक,
आणि त्यातून खालच्या पानावरची
कुणाच्या तरी नावाची शेपटी दिसत होती.

तुतीचा कागद घेतला. कापायचा नसतो, फाडायचा,
कडेला तंतू सुटे राहिले पाहिजेत,
जुन्या कागदाला धरायला काहीतरी हवं.
खळ पातळ. बाबा बरोबर होते.
‘आता लिहूनच टाक की,’ होव्हनान म्हणाले,
‘दोनच अक्षरं. तुला तर पाठ आहे.’
भोक भरायचं एवढंच माझं काम, म्हटलं.
शब्द गेला तो गेला.
त्यांनी बराच वेळ त्या कोऱ्या ठिपक्याकडे पाहिलं,
मग डबा उचलला आणि निघाले.

लग्नात सगळ्या मागे लागल्या होत्या,
नाव घे, नाव घे. घेतलं नव्हतं.
इथे कुणी नव्हतं, फक्त यंत्राची घरघर.
हळूच घेतलं. मानवेल.
मग शुशान.
कढईचंही घेतलं असतं, पण तिला नाव नव्हतं,
आणि खळ सुकत आली होती.